झाडीपट्टीतली रहस्यमालिका वाहिनीला विकायची आहे, ते म्हणतात सातारला न्या. काय करू?

चुलबंदकाठी | रविवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिला धागा काढून राहिलो.

भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या अलीकडचं गाव. दिवसा सेवा केंद्र चालवतो, लोकांचे सातबारे आणि उत्पन्नाचे दाखले काढून देतो. रात्री लिहितो. वडशाच्या नाटक कंपन्यांसाठी आजवर तीन नाटकं लिहिली, त्यातलं एक बऱ्यापैकी चाललं. ज्यांना आमचा भाग, म्हणजे झाडीपट्टी, ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: दिवाळी झाली, धान कापून झाला की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत गावोगाव मंडई (आमच्याकडची जत्रा) भरते, शंकरपट (बैलांची शर्यत) होतो आणि त्या रात्री नाटक. दहा-साडेदहाला सुरू झालेलं नाटक संपतं तेव्हा उजाडलेलं असतं. २०२३ ला आमचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पेपरांना चार दिवस झाडीपट्टी आठवली होती.

आता मालिका. मंडईची रात्र. अख्खं गाव आणि गावाचे पाहुणे मंडपात. पहाटे नाटक सुटतं, लोक तोंड धुवायला तलावावर जातात तर पाणी उतरलेलं. रात्रीतून कोणीतरी तुडुम उघडलं. (तुडुम म्हणजे तलावातून नहराला पाणी सोडायची जागा.) आणि काठच्या गाळात एक मोटरसायकल उभी. २०१३ च्या मंडईच्या रात्री गाडीसकट नाहीसा झालेल्या पेटीमास्तरची. पेटीमास्तर म्हणजे नाटकात हार्मोनियम वाजवणारा, याच गावचा. कोणालाही विचारा, रात्री कुठं होता? एकच उत्तर: "नाटकात." बारा वर्षांपूर्वीही हेच उत्तर होतं.

मुख्य पात्रं नऊ. त्यांत हीरो कोणी नाही. पेटीमास्तरची बायको, पोलीस पाटील, ढीवरांच्या मच्छीमार संस्थेचा म्हातारा अध्यक्ष, सरपंचीण, तिचा दीर, शाळेतले गुरुजी, कंपनीची नटी, तलाठी, आणि धान खरेदीवरचा एक पोट्टा.

ओळखीच्या ओळखीनं एका वाहिनीत वेळ मिळाली. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेस पकडली, स्लीपरची वेटिंग, बसूनच गेलो. अंधेरीत काचेच्या खोलीत तिघं जण. वीस मिनिटं मिळाली. त्यातली पंधरा मी मालगुजारी (जमीनदारीच्या काळातले) तलाव कोणी बांधले, कोहळी समाज, गोंड राजे, हे सांगण्यात घालवली. एक मॅडम फार सज्जन होत्या, शेवटपर्यंत मान हलवत होत्या. मग त्यांनी चार प्रश्न विचारले. हीरो कोण? खुनी कोण? लव्ह ट्रॅक कुठाय? आणि चौथा, "हे सातारा-वाई साइडला नेता येईल ना? बाकी छान आहे." मी म्हटलं विचार करतो. बाहेर पडलो आणि लिफ्टमध्ये सुचलं की काय बोलायला पाहिजे होतं.

तर मंडळी, नेऊ का? गोष्ट विकली जाणं महत्त्वाचं की गाव?

---

अंधेरी_लोकल | सोमवार, सकाळी १.०५

दादा, आधी अभिनंदन. वीस मिनिटं फार झाली, मला पहिल्या वेळी सात मिळाली होती आणि त्यात समोरच्याला दोन फोन आले.

मी अकरा वर्षं डेली सोपचे संवाद लिहितो आहे. त्यामुळे जरा कडू बोलतो.

सातारा मागणारी बाई वाईट नव्हती. बाहेरगावी शूट करायचं तर युनिट पन्नास-साठ माणसांचं. वाई, सातारा, कोल्हापूर, नाशिक इथं हॉटेलवाले, जनरेटरवाले, ज्युनिअर आर्टिस्ट पुरवणारे, दोन दिवसांत वाडा मिळवून देणारे, सगळी साखळी वर्षानुवर्षं तयार आहे. एखादा नट आजारी पडला तर रात्री मुंबईतून गाडी काढून सकाळी बदली माणूस उभा करता येतो. तुमच्याकडे तो गोंदियाला उतरून वडशाच्या गाडीची वाट बघत बसेल. डेलीचं गणित असं: आठवड्याला सहा भाग, जाहिराती वगळून बावीसेक मिनिटांचा एक. महिन्याला पंचवीस-सव्वीस. शूटिंगचा एक दिवस वाया गेला की हातातली भागांची शिल्लक संपते. आणि दर गुरुवारी बार्कचे (टीआरपीचे) आकडे आले की त्याच मॅडमना कोणीतरी वर बोलावून विचारतं. हा त्यांचा गुरुवार डोळ्यांपुढे ठेवून बोलायला शिका.

दुसरं. तुम्ही गोष्ट सांगितलीत. तिथं गोष्ट सांगायची नसते, यंत्र दाखवायचं असतं. म्हणजे मालिका कशावर चालेल? सोमवारी बघणारी बाई मंगळवारी का येईल? चाळिसाव्या भागात काय चालू असेल? नऊ माणसं म्हटल्यावर ऐकणारा घाबरतोच, कारण त्याला नऊ नावं लक्षात ठेवायची आहेत. त्याला धरायला एक दोरी द्या.

तिसरं, दोन रात्री आहेत तुमच्या. २०१३ ची आणि आत्ताची. सांगताना एकच रात्र सांगा, दुसरी त्यांनी विचारावी.

चौथं, नवीन लेखकानं थेट वाहिनीकडे जाऊ नये. निर्मितीसंस्थेकडे जा. वाहिनी पैसा निर्मात्याच्या भरवशावर लावते, लेखकाच्या नाही. निर्मात्याला आवडलं तर तोच ते स्लॉटच्या भाषेत बोलेल. रहस्याला बहुतेक साडेदहाचा स्लॉट दाखवतील, नाक मुरडू नका.

आणि "लिफ्टमध्ये सुचलं" हे आम्हा सगळ्यांचं आत्मचरित्र आहे.

---

माडाखालचो | सोमवार, सकाळी ९.४०

सातारला अजिबात नेऊ नका. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या वाड्यावरची रहस्यमालिका आली, तेव्हाही लोक म्हणत होते की मालवणी नागपूरच्या प्रेक्षकाला कळणार नाही. सहा महिन्यांत नागपूरचे लोक मालवणीत शिव्या देत होते. बोलीची भीती वाहिनीला असते, प्रेक्षकाला नसते.

---

सलंगावरचा_बगळा | सोमवार, दुपारी २.१५

मी अर्जुनी मोरगावचा. गोष्ट झकास, पण तलावाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

भाऊ, एका रात्रीत तलाव रिकामा होत नाही. तुडुम पूर्ण उघडलं तरी सकाळपर्यंत हातभर पाणी उतरलं तर उतरलं, तेही तलाव लहान असेल तर. म्हणजे गाडी खोल पाण्यात असून चालणार नाही. पाराच्या (तलावाच्या बांधाच्या) आतल्या उताराला, अगदी हातभर पाण्याखाली पाहिजे. मग मला सांगा, बारा उन्हाळे गेले, मे महिन्यात तळ दिसतो, पोरं खेकडे धरायला उतरतात, ती गाडी कोणालाच दिसली नाही?

दोनच शक्यता. एक, गाडी बारा वर्षं तिथं नव्हतीच, कोणीतरी आत्ता आणून उभी केली. दोन, अख्ख्या गावाला माहीत होतं.

आणखी एक. रात्री तुडुम उघडायचं तर चाकाची किल्ली लागते. आमच्याकडे जुन्या तुडुमाला आता लोखंडी फाटक बसवलं आहे, किल्ली पाणी वाटणाऱ्याकडे. १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, पण किल्ली कोणाच्या घरात टांगली आहे ते परिषदेला माहीत नसतं, गावाला असतं.

---

चुलबंदकाठी | सोमवार, दुपारी २.५०

बगळेभाऊ, पाया पडतो तुमच्या. "आत्ता आणून उभी केली" हे माझ्या डोक्यातच नव्हतं. केंद्रात चार गिऱ्हाईकं उभी आहेत आणि मी तुमचा प्रतिसाद तिसऱ्यांदा वाचून राहिलो.

---

फुकट_सल्ला | सोमवार, दुपारी ४.३०

कशाला टीव्हीच्या दारात उभं राहता? मोबाइलवर शूट करा, यूट्यूबवर टाका. टीव्ही बघतं कोण आता?

---

चुलबंदकाठी | सोमवार, दुपारी ४.५५

आमच्या गल्लीत बघतात, भाऊ. छपरावर फ्री डिशची थाळी आहे आणि साडेसातनंतर माझी आई मला जेवायला वाढत नाही, आपलं आपण घ्यावं लागतं. तिला दिसावी म्हणूनच टीव्ही.

---

काळाकोट_साकोली | सोमवार, रात्री ८.१०

मी वकील आहे, दिवाणी कामं करते. दोन गोष्टी सांगते, एक तुमच्या खिशाची, एक तुमच्या कथेची.

खिशाची आधी. त्या खोलीत तुम्ही सगळं तोंडी सांगून आलात का? मग मागे काय ठेवलंत? कल्पनेवर कॉपीराइट नसतो. १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. नाटककाराचा दावा होता की सिनेमा आपल्या नाटकावरून उचलला, आणि तो हरला. विषय, कथासूत्र कोणाच्याही मालकीचं नसतं. तुम्ही ते ज्या रीतीनं मांडलंत ती मांडणी तुमची. म्हणून मांडणी कागदावर आणा, जितकी तपशीलवार तितकी बरी. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन ऑनलाइन नोंदवा. त्यानं हक्क तयार होत नाही, पण अमुक तारखेला हे माझ्याकडे होतं याचा पुरावा होतो. भेटीनंतर त्याच दिवशी आभाराचा मेल टाकावा, त्यात काय ऐकवलं ते चार ओळींत यावं. निर्मितीसंस्था एक रिलीज फॉर्म पुढे करेल, "आमच्याकडे अशाच कल्पना आधीपासून असू शकतात" वगैरे. सहीआधी वाचा आणि एक प्रत मागून घ्या. कराराच्या वेळी लक्षात ठेवा की २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखकाचा रॉयल्टीचा वाटा करारात लिहून काढून घेता येत नाही. तरी तसं कलम घालणारे भेटतात.

आता कथेची. माणूस सात वर्षं बेपत्ता असेल, ज्यांना त्याची खबर मिळायला हवी त्यांना मिळाली नसेल, तर तो मेला असं कायदा धरून चालतो. पण आपोआप काही होत नाही, बायकोला दिवाणी न्यायालयात जावं लागतं. तोवर सातबाऱ्यावर नाव त्याचंच. म्हणजे तुमच्या पेटीमास्तरच्या बायकोनं २०२० नंतर कधीतरी दावा लावला असणार. फेरफार झाला असणार. त्या फेरफारावर हरकत घेतली का कोणी? आणि ज्या वर्षी तिच्या नावावर जमीन आली त्याच्या पुढच्याच मंडईला गाडी वर येते? बाई, मी तुझी वकील असते तर घाबरले असते.

---

अंधेरी_लोकल | सोमवार, रात्री ९.००

वकीलताई, तुम्ही पटकथा लिहायला या. पैसे कमी आहेत पण उशिरा मिळतात.

---

रातराणी_पवनी | मंगळवार, दुपारी १२.३५

मी काही लेखक नाही. माहेर लाखांदूरकडचं, लग्नाआधी वर्षाला आठ-दहा नाटकं तरी बघितली असतील, म्हणून लिहिते.

दादा, तुमच्या मंडपात सगळे पुरुषच बसलेले दिसतात मला. बायांची बाजू वेगळी असते हे विसरलात का? आम्ही संध्याकाळीच जाऊन जागा धरतो. सतरंजी, चादर, ब्लँकेट जे असेल ते अंथरायचं. नोव्हेंबरची थंडी, त्यामुळे मागून आणखी एक ब्लँकेट येतं. मग रात्रभर कोण जागेवर आहे ते कोणी माणूस बघून सांगत नाही, चादर बघून सांगतो. "अगं ती तर तिथंच होती, तिची हिरवी चादर होती ना." तिथं चादर असते, खाली तिचं पोर झोपलेलं असतं आणि ती कधीची उठून गेलेली असते. घरी पाहुणे आले आहेत, जावई आला आहे, मध्यरात्री कोणाला चहा, कोणाला ताप, कोणाचं बाळ उपाशी. मंडईला पाहुणे सोयरीक बघायलाही येतात, त्यांची वेगळी ऊठबस. बाया रात्रीतून दोनदा-तीनदा घरी जाऊन येतात. पुरुषांना पत्ताच नसतो, ते रेकॉर्ड डान्स बघत असतात.

म्हणजे "मी नाटकात होते" हे खोटं नाही. चादर होती.

आणि हो, तुमच्या नटीला कृपा करून वाईट बाई करू नका. त्या सकाळी नाटक संपलं की तोंडाचा रंग पुसत जीपमध्ये बसतात आणि संध्याकाळी दुसऱ्या गावी पुन्हा उभ्या. त्यांना खून करायला वेळ कुठला?

---

चुलबंदकाठी | मंगळवार, रात्री ११.५०

ताई, तीन नाटकं लिहिली मी. तिन्ही वेळा मंडपाच्या मागे उभा राहून बघितली. चादर दिसली नाही मला.

आता सातारचं सांगतो. काल रात्री एक खेळ केला. खरोखर गोष्ट वाईला नेऊन बघितली. वही घेतली, डाव्या बाजूला आमचं, उजव्या बाजूला तिकडचं. सरपंचीण गेली, तिचा दीर गेला, गुरुजी गेले. जमिनीचं भांडण तर आनंदानं गेलं, तिकडं जास्तच शोभलं. लव्ह ट्रॅक (सुचला शेवटी) गेला. पोलीस पाटील गेला, तो महाराष्ट्रभर आहे. अर्ध्या तासात माझी निम्मी मालिका कृष्णेच्या घाटावर जाऊन बसली आणि मला घाम फुटला. ज्याला मी झाडीपट्टी म्हणत होतो त्यातलं बरंच कुठलंही होतं. मॅडमचं चुकलं नव्हतं. मी सांगितलं त्यात सातारला न जाण्यासारखं काही नव्हतंच!

मग जे उजव्या बाजूला लिहिता येईना तिथं थांबलो.

एक, रात्र. तिकडं जत्रेत तमाशा असतो, पण आजी, सून, पोर, सोयरे सगळे मिळून पहाटेपर्यंत एका मंडपात, ही रात्र आमची. गावातली घरं उघडी, माणसं मंडपात. दोन, तलाव. मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली, तलाव सरकारचे झाले, नाव मात्र माजी मालगुजारीच राहिलं. गावाच्या सामाईक जागांवर कोणाचा काय हक्क ते निस्तार पत्रकात लिहिलेलं. रोज अर्ज भरतो मी त्याचे. हा कागद विदर्भाबाहेरच्या तलाठ्याला दाखवा, उलटापालटा करून बघेल. माझ्या तलाठ्याला आता काम मिळालं. तो २०१३ ला नवा होता, त्या निस्तारातली एक ओळ त्यानं वाचली होती. तीन, किल्ली. चार, चादर.

बाकी सगळं मी खुशाल सोडायला तयार आहे. बोलीसुद्धा थोडी सैल करीन, पण एक अट. टीव्हीवाले विदर्भ म्हटलं की सरसकट वऱ्हाडी बोलायला लावतात. वऱ्हाडात डोळ्याचा डोया होतो, आमच्या झाडीत डोरा. निदान ते तरी.

---

अंधेरी_लोकल | बुधवार, सकाळी १.२०

हेच. आता तुम्हाला दोरी पण सापडली आहे, दिसते का? रात्रीचे सात तास. नऊ माणसं. प्रत्येकाची चादर जागेवर आणि प्रत्येक जण साधारण तासभर गायब. एक आठवडा, सहा भाग, एका माणसाचा तो तास. सोमवारी तो खोटं बोलतो, शनिवारी कळतं की तो तास त्यानं कुठं घालवला, आणि तिथून दुसऱ्या कोणाची तरी रिकामी चादर दिसते. हे यंत्र आहे. नऊ आठवडे तर सरळ निघतात. पुढे २०१३ ची रात्र उघडा, पुन्हा नऊ. शंभर-सव्वाशे भाग होतात. "संपणारी मालिका" म्हणूनच विका, ताणायचं वचन देऊ नका, ते ताणतीलच.

सेटचं पण सुटतं बघा. मंडप हा एकच मोठा सेट, रात्रीचा. तो कुठंही उभा राहतो. तलाव, पार, नहर एवढं पंधरा दिवस तुमच्याकडे येऊन शूट करायचं, थंडीत, धान कापल्यावर. निर्मात्याला हे तुम्हीच आधी सांगा. खर्चाची काळजी केलेला लेखक त्यांना दरवर्षी भेटत नाही.

आता एक पान लिहा. एकच. तलाव कोणी बांधला ते त्यात नको.

---

चुलबंदकाठी | शुक्रवार, रात्री १०.३०

पान लिहिलं. नोंदणी केली, वकीलताई. सुरुवातीचा तुकडा इथं टाकतो, बाकी ताईंच्या सल्ल्यानुसार झाकून:

"मंडईच्या रात्री गावात कुलूप लावायची पद्धत नाही, कारण चोरसुद्धा नाटकाला आलेला असतो. पहाटे पाच चाळीसला नाटक संपलं तेव्हा मंडपात चारशे चादरी होत्या. तलाव हातभर उतरला होता. गाळात उभ्या असलेल्या मोटरसायकलच्या टाकीवर शेवाळ नव्हतं. पोलीस पाटलानं नऊ जणांना विचारलं, रात्री कुठं होता? नऊ जणांनी आपापली चादर दाखवली. दहावी चादर कोणी उचलायला आलं नाही."

एका निर्मितीसंस्थेला पाठवलं. आज संध्याकाळी फोन आला. सातारा हा शब्द निघाला नाही. पहिला प्रश्न आला, "शेवाळ का नव्हतं?" दुसरा, "दहावी चादर कोणाची?" पुढच्या सोमवारी बोलावलं आहे, दहा भागांचा आराखडा घेऊन. या वेळी रिझर्व्हेशन केलं.

---

सलंगावरचा_बगळा | शुक्रवार, रात्री १०.४१

शेवाळ! जमलं गड्या.

---

माडाखालचो | शुक्रवार, रात्री १०.५८

काटा आला. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

रातराणी_पवनी | शुक्रवार, रात्री ११.१५

दादा, मला तरी सांगा, दहावी चादर कोणाची? इथं नको, व्यक्तिगत निरोप करा.

---

चुलबंदकाठी | शुक्रवार, रात्री ११.३२

ताई, दोघींत अडकलो आहे. सोमवारच्या गाडीत बसेपर्यंत ठरवतो. त्याआधी एक सांगा, मंडपातून एखादी बाई आपली चादर तिथंच टाकून निघून गेली, तर शेजारची ती उचलून घरी नेते की तिथंच राहू देते?

---

रातराणी_पवनी | शुक्रवार, रात्री ११.३६

नेते. धुऊन, घडी घालून ठेवते. आणि पुढच्या मंडईला तीच चादर घेऊन तिची जागा धरते.